दुपारी लोड उतरला की नॉक्स का चढतो? कोळशाच्या बॉयलरची एक हट्टी तक्रार

तक्रार साधारण अशी येते. युनिट ५०० मेगावॉटचं, चारही कोपऱ्यांतून फायरिंग होणारं. फुल लोडला चिमणीवरचा नॉक्स, म्हणजे धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडं, ३८० ते ४०० मिलिग्रॅम प्रति घनमीटर. सकाळी दहा-अकरानंतर सौर वीज ग्रिडवर आली की लोड उतरवायचा निरोप येतो, युनिट ३०० वर येतं आणि तासाभरात नॉक्स ४८०, कधी ५०० दाखवायला लागतो. मर्यादा ४५०. संध्याकाळी लोड चढला की आकडा आपोआप खाली. मग वरून विचारणा होते, शिफ्टमध्ये कोणीतरी ओटूचा, म्हणजे धुरात उरणाऱ्या ऑक्सिजनचा, सेटपॉइंट अर्ध्या टक्क्याने खाली घेतो, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी भोसरीत बसून बॉयलरच्या ज्वलनाचं काम करतो. पुण्यात कोळशावरचं मोठं वीजकेंद्र नाही. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, भुसावळ सगळं लांब. पण बॉयलरची ड्रॉइंग काढणारे, बर्नर बनवणारे आणि ट्रायलला जाणारे पिंपरी-चिंचवडपासून हडपसरपर्यंत ढिगाने सापडतील. त्यातल्या बऱ्याच जणांना हा फोन कधी ना कधी आलेला असतो, आणि फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: "सर, बर्नर बदलावे लागतील का?"

बहुतेक वेळा नाही. फुल लोडला जो बर्नर ३८० देतो तो खराब नाही. बिघाड असतो तो लोड उतरताना हवा कुठून कुठे जाते त्यात.

आधी आकडा खरा आहे का ते बघा

पर्यावरण मंत्रालयाच्या ७ डिसेंबर २०१५च्या अधिसूचनेत नॉक्सच्या मर्यादा युनिटच्या वयाप्रमाणे ठरल्या: २००३ अखेरपर्यंतच्या युनिटना ६००, २००४ ते २०१६मधल्यांना ३००, आणि १ जानेवारी २०१७पासूनच्यांना १०० मिलिग्रॅम प्रति नॉर्मल घनमीटर. मधल्या गटाचे ३०० पुढे २०२०मध्ये ४५० झाले. हे सगळे आकडे कोरड्या वायूत ६ टक्के ऑक्सिजन धरून काढायचे असतात, आणि अर्धी गडबड या ६ टक्क्यांतच होते.

ॲनालायझर पीपीएम मोजतो. नॉक्स हा नायट्रोजन डायऑक्साइड म्हणून मोजायचा असल्यामुळे १ पीपीएम म्हणजे २.०५ मिलिग्रॅम. मग त्याला २०.९ वजा ६, म्हणजे १४.९ने गुणायचं आणि २०.९ वजा मोजलेला ऑक्सिजन याने भागायचं. आता एक उदाहरण घ्या. चिमणीत २०० पीपीएम, म्हणजे ४१०. तिथलाच ऑक्सिजन ८ टक्के असेल तर दुरुस्त आकडा ४७४. पण डीसीएसमध्ये, म्हणजे युनिटच्या कंट्रोल कॉम्प्युटरमध्ये, कोणीतरी गणितात इकॉनॉमायझरच्या (भट्टीनंतरच्या, पाणी तापवणाऱ्या नळ्यांच्या) तोंडावरचा ५.५ टक्के जोडला असेल तर तोच वायू ३९७ दाखवतो. दोन्हींच्या मध्ये एपीएचची, म्हणजे धुराच्या उष्णतेवर हवा तापवणाऱ्या एअर प्रीहीटरची, गळती आहे. हवा त्या दोन जागांमध्ये शिरते, म्हणून नॉक्स एका जागेचा आणि ऑक्सिजन दुसऱ्या जागेचा घेऊन चालत नाही. शिवाय इकॉनॉमायझरचा झिर्कोनिया प्रोब ओल्या वायूत मोजतो, चिमणीवरचा ॲनालायझर बहुधा कोरड्यात.

उलटही होतं. चिमणीवरचा ऑक्सिजन सेल थकला आणि ८ऐवजी ९.५ दाखवू लागला, की काही न बिघडता ४७४चे ५३६ होतात. म्हणून एका ट्रेंडवर चार रेघा लावा: कच्चा पीपीएम, चिमणीचा ऑक्सिजन, दुरुस्त नॉक्स आणि लोड. नुसती हवा मिसळून वायू पातळ झाला असेल तर दुरुस्त आकडा हलायला नको. दुरुस्तीचा तोच तर हेतू. तो हलतोय आणि सेल व कॅलिब्रेशन ठीक आहे, तर नॉक्स खरंच जास्त तयार होतोय. मग पुढे.

भट्टी थंड, तरी नॉक्स जास्त?

हा प्रश्न मला चांगल्या अनुभवी लोकांनीही विचारलाय, आणि प्रश्न रास्त आहे. हवेतल्या नायट्रोजनपासून होणारा नॉक्स साधारण १५०० अंशांच्या वर जोर धरतो. लोड उतरला, ज्वाला थंडावली, की तो कमी होतो. पण भुकटी कोळशाच्या बॉयलरमध्ये नॉक्सचा मोठा वाटा, ढोबळमानाने तीन-चतुर्थांश, कोळशातल्याच नायट्रोजनचा असतो. कोळशात हा नायट्रोजन वजनाने एक-दोन टक्केच, तरी तो पुरेसा आहे. कोळसा तापला की व्होलाटाइलबरोबर तो हायड्रोजन सायनाइड आणि अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो. त्या क्षणी शेजारी ऑक्सिजन भरपूर असेल तर त्याचा नायट्रिक ऑक्साइड होतो; ऑक्सिजनची ओढाताण असेल तर बराचसा निरुपद्रवी नायट्रोजन होऊन जातो. तापमानाचं त्याला फारसं सोयरसुतक नाही. त्याला विचारायचा प्रश्न एकच: तुझ्या जन्माच्या वेळी हवा किती होती?

लो-नॉक्स बर्नर आणि सोफा, म्हणजे ज्वालेच्या वरून वेगळी दिली जाणारी हवा, हे सगळं त्या एका प्रश्नाभोवती रचलेलं आहे. पंगतीत पहिल्या वाढीला हात आखडता घेतात, तसं बर्नरच्या पट्ट्यात लागते त्याहून थोडी कमी हवा द्यायची आणि उरलेली, एकूण हवेच्या साधारण १५ ते ३० टक्के, वरून सोफातून द्यायची. मधल्या अंतरात, अर्ध्या-पाऊण सेकंदात, नायट्रोजनची विल्हेवाट लागते आणि मग उरलेला कार्बन जळतो.

आता लोड उतरल्यावर या रचनेचं काय होतं ते बघा. चार गोष्टी एकदम बिघडतात, आणि चारही कोणीतरी शहाणपणानेच केलेल्या असतात.

पहिली, सोफा. बहुतेक ठिकाणी सोफाचे डॅम्पर (हवेची झडपं) लोडच्या वक्रावर, म्हणजे कोणत्या लोडला किती उघडायचं या ठरलेल्या रेघेवर, चालतात आणि ६० टक्क्यांच्या खाली जवळजवळ मिटतात. हा वक्र कमिशनिंगच्या वेळी घातलेला असतो, आणि त्या काळी युनिट ६० टक्क्यांवर दिवसातले पाच-सहा तास बसेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. खालच्या लोडला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) वाढू नये, ज्वाला डळमळू नये, म्हणून सोफा बंद. इतका सरळ हिशोब. आता केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३च्या नियमांप्रमाणे ५५ टक्क्यांपर्यंत उतरता यायला हवं, पुढे ४०. वक्र मात्र जुनाच. माझ्या मते या तक्रारीचं सगळ्यात मोठं कारण हेच, आणि सगळ्यात स्वस्त इलाजही इथेच.

दुसरी, मिल, म्हणजे कोळसा दळून भुकटी करणारी चक्की. लोड ३०० वर आणला तरी संध्याकाळी झटकन चढवता यावा म्हणून ऑपरेटर एक मिल जास्त चालू ठेवतो. त्याला दोष देता येत नाही. मिल बंद करून पुन्हा घेताना ज्वाला गेली तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं. पण मिलमधली प्रायमरी हवा, म्हणजे भुकटी वाहून नेणारी हवा, एका मर्यादेखाली नेता येत नाही, नाहीतर पाइपमध्ये कोळसा बसतो. त्यामुळे भरलेल्या मिलला किलोभर कोळशामागे दोन किलोच्या आसपास हवा असेल, तर अर्ध्यावर चाललेल्या मिलला ते प्रमाण तीनकडे सरकतं. ही हवा कोळशाबरोबर, अगदी नोझलच्या तोंडाशी, म्हणजे नको तिथे नेमकी. पाच अर्धपोटी मिलपेक्षा चार भरलेल्या मिल नॉक्सला केव्हाही बऱ्या.

तिसरी, टिल्ट, म्हणजे बर्नरची तोंडं वर-खाली वळवण्याची सोय. हे सगळ्यात कमी लोकांच्या लक्षात येतं. लोड उतरला की रिहीट स्टीमचं (टर्बाइनमधून परत तापवायला आलेल्या वाफेचं) तापमान ५४० अंशांवरून घसरतं. ते सावरायला टिल्ट वर जातात, वीस-पंचवीस अंश. ज्वालेचा गोळा वर सरकतो आणि सोफापर्यंतचं अंतर खाऊन टाकतो. त्यात वरच्या मिल चालू असतील तर विचारायलाच नको. सोफा उघडा असूनही त्याचा उपयोग उरत नाही.

चौथी, ओटू. फुल लोडला साडेतीन टक्के, ३०० वर साडेपाच-सहा. यातला काही भाग अटळ आहे कारण किमान हवेची मर्यादा असते, काही भाग पुन्हा रिहीटसाठी मुद्दाम वाढवलेला असतो, आणि काही नुसत्या भीतीपोटी.

"ओटू कमी करू का?"

करा, पण शेवटी. पहिलाच हात ओटूला घातला की तक्रार चार दिवसांनी परत येते, ती अशी: इकॉनॉमायझरवरचा आकडा सरासरीचा असतो. कोपऱ्यातून फायरिंग होणाऱ्या बॉयलरमध्ये वायू फिरत वर जातो, डावी-उजवी बाजू सारखी कधीच नसते. डावीकडे ४.२ आणि उजवीकडे ६.८ असेल तर सरासरी ५.५. तुम्ही ती ४.५ वर आणली की डावीकडे ३.२ उरतो, आणि भट्टीच्या आत एखाद्या कोपऱ्यात तर त्याहून किती तरी कमी. तिथे सीओ उसळतो, भिंतीलगत ऑक्सिजन नसलेला वायू फिरतो, राखेचा वितळणबिंदू अशा वायूत खाली येतो आणि क्लिंकर, म्हणजे वितळलेल्या राखेची ढेकळं, धरतो. फ्लाय ॲशमध्ये कार्बन वाढला की सिमेंटवाला तोंड फिरवतो. फ्लाय ॲशचं भारतीय मानक आयएस ३८१२, त्यात लॉस ऑन इग्निशनची (ढोबळपणे, न जळलेल्या कार्बनची) मर्यादा ५ टक्के आहे, पण खरेदीदार त्याच्या कितीतरी आधी कुरकुरतो. मग ज्याने ओटू कमी केला त्याच्याच शिफ्टला तो गुपचूप परत वाढवला जातो. दोष त्या माणसाचा नाही.

डॅम्पर जागेवर जाऊन बघा

एका युनिटला (नाव नको) सोफाचा वक्र बदलला, मिल कमी केल्या, तरी नॉक्स जेमतेम वीसने उतरला. कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर बंद मिलचे फ्युएल एअर डॅम्पर (कोळशाच्या नोझलभोवतीच्या हवेचे) चारही कोपऱ्यांत नीट मिटलेले. वर विंडबॉक्सपाशी, म्हणजे बर्नरना हवा वाटणाऱ्या पेटीपाशी, गेलो. डॅम्परच्या शाफ्टच्या टोकावर पात्याची दिशा दाखवणारी खाच असते. तीन कोपऱ्यांत खाच आडवी, चौथ्यात जवळजवळ उभी. सिलिंडर आपलं काम इमानेइतबारे करत होता, रॉड मागेपुढे होत होता, फक्त लिंकेजची पिन तुटून राखेत पडली होती आणि त्या जागी कोणीतरी वेल्डिंगच्या तारेचा तुकडा अडकवून ठेवला होता. तोही वाकला होता. स्क्रीनवरचा आकडा सिलिंडरच्या दांड्याचा, पात्याचा नव्हे. बंद मिलच्या त्या तोंडातून भट्टीत दिवसभर फुकटची हवा जात होती, आणि ऑक्सिजनच्या दिवाळखोरीवर चालणाऱ्या पट्ट्यात ती बरोबर पोहोचत होती.

ही गोष्ट अपवाद नाही. विंडबॉक्सला गरम, धुळीची, कायम थरथरणारी जागा मिळालेली असते. शटडाउन मिळाला की प्रत्येक डॅम्पर ०, २५, ५०, ७५, १०० असा वर आणि मग तसाच खाली चालवून, एक माणूस स्क्रीनवर आणि एक शाफ्टपाशी, असं जुळवून बघा. चढताना आणि उतरताना खाच वेगळ्या जागी थांबत असेल तर लिंकेज ढिलं आहे. चालू युनिटवर निदान खाचांचे फोटो काढून ठेवा, चारही कोपऱ्यांचे, एकाच लोडला. विंडबॉक्स आणि भट्टीतला दाबाचा फरकही बघा. तो लोडप्रमाणे साधारण ४० ते १०० मिलिमीटर पाण्याच्या स्तंभात असतो. लोड उतरल्यावर तो ठरल्यापेक्षा फारच खाली बसत असेल तर कुठेतरी डॅम्पर उघडा आहे.

तळाच्या हॉपरचा वॉटर सील आणि उघडी राहिलेली पीपहोल यांतूनही हवा शिरते. ती बर्नरला न विचारता वर जाते आणि ओटूचा आकडा फुगवते. भट्टी ऋण दाबावर असते, त्यामुळे गळती डोळ्यांना दिसत नाही, पण रात्री पीपहोलच्या कडेला कान लावला तर ऐकू येते.

मिलकडून येणारा उपद्रव

काही युनिटमध्ये मूळ मिलमध्येच असतं. भुकटीचा किमान ७० टक्के भाग २०० मेशच्या (बारीक) चाळणीतून जायला हवा आणि ५० मेशवर एक-दोन टक्क्यांहून जास्त उरायला नको. आपल्या कोळशात राख ३५ ते ४५ टक्के, तीत वाळूसारखा कठीण क्वार्ट्झ. रोलर आणि क्लासिफायरची (जाड कण परत दळायला पाठवणाऱ्या भागाची) पाती झिजतात, भुकटी जाड होते. जाड कण उशिरा जळतात, फ्लाय ॲशमध्ये कार्बन वाढतो, ऑपरेटर तो खाली आणायला ओटू वाढवतो, आणि नॉक्स चढतो. ट्रेंडवर बघणाऱ्याला फक्त शेवटची पायरी दिसते. त्याच राखेने पाइपमधले ऑरिफिस (प्रवाह सारखा ठेवणाऱ्या भोकाच्या चकत्या) झिजतात, मग एका मिलचे चार पाइप चार कोपऱ्यांना वेगवेगळा कोळसा देऊ लागतात. हवेचा वेग पाइपांमध्ये पाच टक्क्यांच्या आत आणि कोळसा दहा टक्क्यांच्या आत जुळला तर समाधान मानावं. हे मोजायला पाइपमध्ये प्रोब घालून नमुना घ्यावा लागतो. कंटाळवाणं, अंग काळं करणारं काम आहे, म्हणून ते पुढच्या ओव्हरहॉलवर ढकललं जातं.

कोळसा बदलला, ब्लेंड बदलला की सगळं थोडं हलतं, त्यात फार रमू नका. आठवड्यापुरता फरक असेल तर कोळसा. रोज दुपारीच असेल तर कोळसा नव्हे.

मी कोणत्या क्रमाने करतो

मोजमाप नक्की झालं, डॅम्पर जागेवर तपासले, की मग ट्रायल. लोड ३०० वर स्थिर हवा, निदान दोन तास. त्यासाठी लोड डिस्पॅचकडे आधी बोलून ठेवावं लागतं, नाहीतर ऐन वेळी रॅम्पचा निरोप येतो आणि सगळं मुसळ केरात.

आधी मिल. वरची मिल काढून खालच्या आणि मधल्या, सलग असलेल्या मिलवर भार घ्या. ज्वालेवर नजर ठेवणारे स्कॅनर सगळे स्वच्छ दिसताहेत याची खात्री करूनच. मग सोफाची सगळ्यात खालची पातळी थोडी उघडा, एका वेळी पाच-दहा टक्के, आणि प्रत्येक पायरीनंतर किमान वीस मिनिटं थांबा. ॲनालायझरची सॅम्पल लाइन लांब असते, भट्टीलाही स्थिरावायला वेळ लागतो. दोन मिनिटांत निष्कर्ष काढणारे ट्रायल वाया घालवतात. सीओ शंभर पीपीएमच्या वर रेंगाळू लागला की एक पायरी मागे.

मग टिल्ट. रिहीट तापमानाचा प्रश्न टिल्टशिवाय थोडाफार सोडवता येतो. लोड उतरण्याआधी रिहीटरचे सूट ब्लोअर (नळ्यांवरची राख उडवणारे) चालवून घ्या आणि भट्टीच्या भिंतींचे ब्लोअर दुपारपर्यंत थांबवा. रिहीटर स्वच्छ आणि भिंती किंचित मळलेल्या असल्या की उष्णता भिंतींनी कमी खाल्ली जाते, वरच्या भागात जास्त पोहोचते, आणि टिल्ट पाच-दहा अंश खाली आणायला जागा मिळते. मळक्या भिंतींनी ज्वाला थोडी तापते हे खरं, पण या लोडला ती किंमत परवडते. क्लिंकरची सवय असलेल्या युनिटला मात्र हे करू नका. आणि रिहीट ५४०ऐवजी ५३२ राहिलं तर राहू दे, असंही मी म्हणतो. हीट रेटवाले, म्हणजे युनिटमागे किती उष्णता लागली याचा हिशोब ठेवणारे, नाक मुरडतील. त्यांना आणि नॉक्सवाल्यांना एका टेबलाशी बसवून हा सौदा लेखी ठरवून घ्या, नाहीतर रात्रपाळीला पुन्हा टिल्ट वर.

शेवटी ओटू, पाव-पाव टक्क्याने, डावी-उजवी बाजू वेगवेगळी बघत.

आणि जे सापडलं ते वक्रात घाला. हाताने दिलेला बायस (तात्पुरती दुरुस्ती) शिफ्ट बदलली की उडतो. तक्रार परत परत येण्याचं कारण बरेचदा हेच असतं: उत्तर सापडलेलं असतं, ते वहीत असतं, डीसीएसमध्ये नसतं.

युरियाने सुटेल का?

पुण्यातल्या बीएस-६ बस आणि ट्रकमध्ये युरियाचं द्रावण भरलेलं सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे मीटिंगमध्ये कोणीतरी विचारतंच. मूळ रसायन तेच: अमोनिया नॉक्सशी भिडून नायट्रोजन आणि पाणी करतो. ट्रकमध्ये हे उत्प्रेरकावर होतं. बॉयलरमध्ये उत्प्रेरक बसवला तर ८० ते ९० टक्के नॉक्स घटू शकतो, ३०० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात. पण ट्रकच्या धुरात आपल्या कोळशाची राख नसते. ती उत्प्रेरक घासते आणि त्याची भोकं बुजवते. नव्या युनिटच्या १००च्या मर्यादेसाठी तो विचार टाळता येत नाही. ४५०साठी माझा विरोध आहे.

उत्प्रेरकाशिवाय, थेट भट्टीत युरिया फवारायची पद्धत स्वस्त पडते. पण तिला ८५० ते ११०० अंशांचा पट्टा लागतो आणि दुपारी लोड उतरला की हा पट्टाच खाली सरकतो. नोझल एकाच पातळीवर असतील तर जेव्हा गरज आहे तेव्हाच फवारा थंड जागी पडतो, न वापरलेला अमोनिया पुढे जातो, एपीएचच्या थंड टोकाला सल्फर ट्रायऑक्साइडशी मिळून चिकट अमोनियम बायसल्फेट होतो आणि एपीएच चोंदतो. राखेलाही वास येतो. घ्यायचंच असेल तर नोझलच्या दोन-तीन पातळ्या आणि लोडप्रमाणे त्यांची अदलाबदल हे कंत्राटातच लिहून घ्या, आणि गॅरंटी टेस्ट ५५ टक्के लोडलाही मागा. फुल लोडची गॅरंटी या तक्रारीला काही कामाची नाही.

कोणाला मदत मागायची असेल तर स्क्रीनचा एक फोटो पाठवून भागत नाही. एका पूर्ण दिवसाचा, मिनिटागणिक डेटा लागतो: लोड, मिलवार कोळसा आणि प्रायमरी हवा, एकूण हवा, दोन्ही बाजूंचा ओटू, सीओ, टिल्ट, रिहीट तापमान, सोफाचे आणि ऑक्झिलिअरी हवेचे डॅम्पर कोपऱ्यावार, विंडबॉक्सचा दाब, चिमणीचा कच्चा पीपीएम आणि तिथलाच ऑक्सिजन. सोबत शाफ्टवरच्या खाचांचे फोटो.